विचारा ताईला : जिकडे तिकडे डी व्हरीस कसे?

या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला तर निम्मी पत्रं आडनावांची, आणि तीही डच आडनावांची! द्राक्षाचा सीझन आटोपला की नाशिकच्या माणसाला रॉटरडॅम जास्त आठवतं की काय कोण जाणे. म्हटलं सुटी सुटी उत्तरं देत बसण्यापेक्षा या अंकात सगळी एकदमच उरकू.

ताई, आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे, माल रॉटरडॅमला जातो. तिकडे जो माणूस पेट्या बघून घेतो त्याचं आडनाव डी व्हरीस. आता धाकटा भाऊ नोकरीला अमेरिकेत मिशिगनला गेलाय, ग्रँड रॅपिड्सला, तर त्याचा घरमालक डीव्हरीस, दाताचा डॉक्टर डीव्हरीस, ऑफिसात अजून एक डीव्हरीस. हे सगळे एकाच घराण्यातले का? रॉटरडॅमवाल्याला सांगू का की तुमचे भाऊबंद आमच्या भावाच्या शेजारी राहतात? बोलायला एक विषय होईल.
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

सांगा, पण भाऊबंद म्हणू नका, तो हसेल. नेदरलँड्समध्ये २००७ साली आडनावांची मोजदाद झाली तेव्हा डी व्हरीस ७० हजारांच्या वर निघाले, म्हणजे देशातल्या पहिल्या दोन-तीन आडनावांत. पहिला नंबर डी यॉंगचा, ते ८० हजारांच्या वर. त्यामुळे ‘अमेरिकेत एक डीव्हरीस भेटला’ ही त्याच्यासाठी बातमीच नाही.

आता हे नाव आलं कुठून. डी व्हरीस म्हणजे फ्रीसलंडचा माणूस. फ्रीसलंड हा नेदरलँड्सच्या उत्तरेचा, समुद्राकाठचा प्रांत, त्यांची भाषा वेगळी, डचांपेक्षा आपण वेगळे हा तोराही आहे, आणि तुमच्या निफाड-सिन्नरकडे गोठ्यागोठ्यात जी काळी-पांढरी एचएफ गाय उभी असते ना, होल्स्टीन फ्रिजियन, त्यातलं फ्रिजियन म्हणजे हेच. म्हणजे डी व्हरीस तुमच्या तालुक्यात आधीच दूध देतायत!

तर व्हायचं काय, की फ्रीसलंडचा एखादा माणूस पोटापाण्यासाठी अॅमस्टरडॅमला नाहीतर होर्नला यायचा, तिथे लोक त्याला ‘तो फ्रीसवाला’ म्हणायचे, आणि तेच पुढे पोरांना चिकटायचं. असं एका गावात नाही, शंभर गावांत झालं, एकमेकांशी काही संबंध नसताना. अॅमस्टरडॅमच्या ज्यू घरांतही हे आडनाव आहे. बायॉलॉजीच्या पुस्तकात तुम्ही म्यूटेशनवाला ह्यूगो डी व्हरीस वाचला असेल, हार्लेममध्ये जन्मला आणि १९०० साली मेंडेलचं आनुवंशिकतेवरचं विसरलेलं काम ज्यांनी पुन्हा उजेडात आणलं त्यातला एक. आणि १९८२ च्या डिसेंबरात अमेरिकेत युटाला एका पेशंटच्या छातीत कायमचं म्हणून पहिलं कृत्रिम हृदय बसवलं तो सर्जन विल्यम डीव्हरीस. नाव एक म्हणून या दोघांना एका पंगतीला बसवायचं काही कारण नाही.

त्यात १८११ चं प्रकरण आहे. त्याआधीच्या वर्षी नेपोलियनने अख्खा नेदरलँड्स फ्रान्सला जोडून टाकला होता, आणि १८ ऑगस्ट १८११ ला हुकूम काढला की ज्याला कायमचं आडनाव नाही त्याने ते सरकारदरबारी लिहून द्यायचं. शहरांतल्या बहुतेकांकडे तोवर आडनावं होती पण उत्तरेकडे, खास करून फ्रीसलंडमध्ये, पुष्कळ लोक नुसतं बापाचं नाव लावायचे. यानचा पोरगा तो यान्सेन, पीटरचा तो पीटर्स, पुढच्या पिढीत परत बदललं. त्या सगळ्यांना एकदम काहीतरी ठरवावं लागलं. यावरून एक किस्सा सगळीकडे फिरतो, की डच लोकांना वाटलं हा नेपोलियन काय टिकत नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम ‘नागडा जन्मलेला’ असली नावं लिहून दिली. खोटं आहे हो. ते आडनाव १८११ च्या कितीतरी आधीच्या कागदांत आहे.

मग मिशिगनमध्येच एवढी गर्दी का? तिथे एकेकटे लोक गेलेच नाहीत, मंडळी गेली, चर्चच्या चर्च. १८३४ मध्ये नेदरलँड्समधल्या सरकारी चर्चमधून एक कर्मठ गट फुटून निघाला, त्यांना दंड झाले, सभा मोडल्या गेल्या, आणि वर १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, गरिबाचं खाणंच गेलं. मग आल्बर्टस व्हॅन राल्टे नावाचे पाद्री आपली माणसं घेऊन निघाले आणि १८४७ मध्ये लेक मिशिगनजवळच्या जंगलात गाव वसवलं, नाव ठेवलं हॉलंड. त्याच वर्षी दुसरे पाद्री हेंड्रिक स्कोल्टे यांनी आयोवात पेला वसवलं. हॉलंडच्या आजूबाजूला तर प्रांतवार वस्त्याच झाल्या, झीलंडवाल्यांचं झीलंड, ड्रेंथवाल्यांचं ड्रेंथ, आणि फ्रीसलंडहून आलेल्यांचं, हो, व्ह्रीसलंड! आजही नकाशावर आहे, ग्रँड रॅपिड्सहून गाडीने फार लांब नाही, भावाला रविवारी चक्कर मारायला सांगा.

ही मंडळी शेतीत शिरली, मग फर्निचरच्या कारखान्यांत, मग दुकानदारीत, लग्नं चर्चमधल्या चर्चमध्ये केली, शाळा-कॉलेजं स्वतःची काढली, त्यामुळे नावं तिथेच दाट राहिली. अॅमवे माहितीये ना, नाशिकमध्ये एकेकाळी दर सोसायटीत एक तरी काकू त्याच्या बाटल्या घेऊन यायच्या. ती १९५९ ला ग्रँड रॅपिड्सच्या शेजारी एडा गावात सुरू झाली आणि काढणारे दोघे कोण, तर रिचर्ड डीव्हॉस आणि जे व्हॅन अँडल. डीव्हॉस म्हणजे कोल्हा, व्हॅन अँडल म्हणजे अँडल गावचा. तेही यातलेच.

पण अमेरिकेतले सगळे डच असे नाहीत, आणि इथेच लोक गल्लत करतात. त्याच्या दोनशे वर्षं आधी न्यूयॉर्कच मुळी डचांचं होतं, न्यू अॅमस्टरडॅम, १६६४ मध्ये इंग्रजांनी घेतलं. रूझवेल्ट, व्हँडरबिल्ट, व्हॅन ब्यूरेन ही नावं त्या काळातली. व्हँडरबिल्टांचा मूळपुरुष उत्रेख्तजवळच्या डी बिल्ट गावचा, बांधलेला मजूर म्हणून गेला होता, आणि त्याचे वंशज पुढे रेल्वेचे मालक झाले. आठवे प्रेसिडेंट मार्टिन व्हॅन ब्यूरेन तर घरी डच बोलत वाढले, इंग्रजी नंतर शिकले. आणि तिसरी लाट दुसऱ्या महायुद्धानंतरची, घरं नाहीत, जमीन नाही, सरकारच म्हणायचं जा बाबांनो, तेव्हा लाखो लोक कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेले. म्हणून टोरांटोकडचा एखादा डी व्हरीस आजोबांच्या बोटीची गोष्ट सांगेल आणि मिशिगनवाला पणजोबांच्या पणजोबांची, दोघांत आडनावापलीकडे काही असेलच असं नाही.

रामकुंडावर आपले तीर्थोपाध्ये नामावळी काढताना नुसतं आडनाव ऐकून वही उघडतात का, आधी विचारतात मूळ गाव कोणतं. तेच करा. भावाला म्हणावं घरमालकाला विचार, तुमचे लोक कोणत्या साली आले आणि नेदरलँड्समधल्या कोणत्या गावाहून, कोणत्या चर्चचे. म्हातारी माणसं आनंदाने सांगतात, कित्येकांकडे वंशावळ छापून तयार असते. एवढं कळलं की ओपन आर्काइव्ह्ज आणि वी वास वी या डच साइटवर जन्म-लग्नाच्या नोंदी शोधता येतात. फक्त स्पेलिंग सगळी टाकून बघा, अमेरिकेत गेल्यावर डी आणि व्हरीस कधी चिकटले, कधी मधेच मोठा व्ही आला, कधी व्हीचा एफ झाला.

१७ ऑक्टोबर २०२३, धर्मशाला. नेदरलँड्सने साउथ आफ्रिकेला हरवलं ती वर्ल्ड कपची मॅच आम्ही क्लासला दांडी मारून पाहिली. स्कोअरकार्ड बघून डोकं फिरलं, आफ्रिकेकडे डी कॉक, व्हॅन डर डसेन, क्लासेन, यान्सेन आणि नेदरलँड्सकडे व्हॅन डर मर्व्ह, व्हॅन बीक, व्हॅन मीकेरेन, डी लीड. कोण कुणाचं? आणि एबी डिव्हिलियर्स पण डचच ना?
— गंगापूर रोडचे चार मित्र

शेवटचं आधी, कारण त्यावर पैजा लागलेल्या असणार. एबीचं आडनाव डच नाही, फ्रेंच आहे. फ्रान्सच्या राजाने १६८५ मध्ये प्रोटेस्टंट लोकांचं संरक्षण काढून घेतलं, ते वाट फुटेल तिकडे पळाले, काही हॉलंडला आले आणि तिथून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटीने केप टाउनला. डिव्हिलियर्स तीन भाऊ होते, १६८९ ला पोचले. ड्यू प्लेसी पण त्याच गोतावळ्यातलं. कंपनीने हुशारी अशी केली की या फ्रेंचांना एका जागी न ठेवता डच शेतकऱ्यांच्या मधेमधे जमिनी दिल्या, त्यामुळे एक-दोन पिढ्यांत फ्रेंच भाषा पार गेली, आडनावं तेवढी उरली. तर ‘डी’ दिसला की डच असं समजू नका, डच ‘डी’ म्हणजे ‘तो अमुक’, फ्रेंच ‘डी’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’. पैज हरलेल्याने चहा पाजावा.

बाकीचे खरे डच नावाचे. डी कॉक म्हणजे आचारी. क्लासेन म्हणजे क्लास नावाच्या माणसाचा मुलगा, यान्सेन यानचा. व्हॅन डर डसेनमधलं डसेन हे नेदरलँड्सच्या दक्षिणेतलं खरंखुरं गाव. व्हॅन बीकमधलं बीक म्हणजे ओढा, आणि ओढा कुठे नसतो, त्यामुळे व्हॅन बीक नेदरलँड्समध्ये ढिगाने. आपला लोगन व्हॅन बीक मात्र जन्मला न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चमध्ये.

सगळ्यात मजेशीर केस रोलॉफ व्हॅन डर मर्व्हची. मर्व्हेड ही डॉर्ड्रेख्त शहराजवळची नदी. यान व्हॅन रीबेक १६५२ ला केपला उतरला आणि कंपनीचं ठाणं टाकलं, त्यानंतर नऊ वर्षांनी, १६६१ मध्ये, या आडनावाचा मूळपुरुष तिथे पोचला. त्याचा वेल एवढा पसरला की आज साउथ आफ्रिकेत हे नाव रस्त्यावर सापडतं, त्यांच्या विनोदातला बावळट माणूससुद्धा व्हॅन डर मर्व्हच असतो, आणि खुद्द नेदरलँड्समध्ये मात्र दुर्मिळ. रोलॉफ जोहान्सबर्गचा, आधी साउथ आफ्रिकेकडून खेळला, २०१५ पासून नेदरलँड्सकडून, म्हणजे साडेतीनशे वर्षांनी नाव परत घरी आलं आणि धर्मशालाच्या मॅचमध्ये जुन्या टीमच्या दोन विकेटी काढल्या. आपल्या टीमचा सहाय्यक कोच झालेला रायन टेन डुशकाटे पण तसाच, जन्म पोर्ट एलिझाबेथचा, खेळला नेदरलँड्सकडून.

थोडे मुद्दे मोठ्यांसाठीही. केपला कंपनीने गुलाम आणले ते बरेचसे आपल्याकडचे, बंगालचे, मलबारचे, कोरोमंडल किनाऱ्याचे. त्यांची खरी नावं विचारायची कुणाला फुरसत, रजिस्टरमध्ये लिहिलं जायचं व्हॅन बेंगाले, व्हॅन मलबार. अँजेला व्हॅन बेंगाले नावाची बाई १६५७ च्या सुमारास आणली गेली, स्वतः व्हॅन रीबेकच्या घरी होती, १६६६ ला सुटली, पुढे बासोन नावाच्या गोऱ्या माणसाशी लग्न केलं, आणि आजच्या कित्येक गोऱ्या आफ्रिकानर घराण्यांच्या वंशावळीत ती आजी म्हणून बसलीय. नावात ‘व्हॅन’ असूनही अस्सल हिंदुस्थानी. हा मुद्दा मला एबीपेक्षा जास्त आवडतो खरं तर.

जुने अॅथलेटिक्सचे व्हिडिओ बघताना सुरिनामची लेतिसिया व्ह्रीस्डे दिसली, १९९५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ८०० मीटरचं सिल्व्हर. मागच्या अंकात कुणीतरी डी व्हरीसबद्दल विचारलं होतं. व्ह्रीस्डे म्हणजे उलटं डी व्हरीस वाटतं, योगायोग का?
— एक धावपटू, सिडको

तुमची नजर चांगली आहे. योगायोग नाही, आणि यामागचं प्रकरण गमतीचं नाही.

सुरिनाम दक्षिण अमेरिकेत, डचांची वसाहत, उसाचे मळे आणि मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम. गुलामाला आडनाव नसायचं, एक नाव, तेही मालकाने ठेवलेलं. १ जुलै १८६३ ला गुलामगिरी उठली तेव्हा ३० हजारांहून जास्त माणसांना एका झटक्यात आडनावं द्यायची वेळ आली आणि ती दिली कुणी, तर सरकारी कारकून आणि मळेवाल्यांनी. मालकांच्या घराण्याचं नाव जसंच्या तसं द्यायचं नाही ही काळजी, कारण उद्या हा माणूस आमचा नातेवाईक म्हणून उभा राहिला तर! आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा तो होताही. मग कुणी काय केलं, नावाची अक्षरं फिरवली. डी व्हरीसचं व्ह्रीस्डे, विल्केन्सचं केन्सविल. कुणाला डच गावाचं नाव, आणि एका नावात तर अॅमस्टरडॅम हे स्पेलिंग शेवटून वाचलंय, माड्रेत्स्मा. कागदावर रोमन लिपीत लिहून बघा, तंतोतंत जुळतं. एवढं करून सुटका नव्हतीच, पुढची दहा वर्षं सरकारच्या देखरेखीखाली मळ्यावर काम सक्तीचं होतं.

म्हणजे व्ह्रीस्डे आडनावाच्या माणसाचा फ्रीसलंडशी संबंध एवढाच, की कुठल्यातरी डी व्हरीसच्या नावाची कुणीतरी मोडतोड करून ते त्याच्या पूर्वजावर चिकटवलं. आज मात्र हे आडनाव ऐकलं की डोळ्यासमोर ती पळणारी बाई येते, कोण कुठला मळेवाला ते कुणाला ठाऊक!

ती सक्तीची दहा वर्षं १८७३ ला संपली आणि त्याच वर्षी जूनमध्ये लल्ला रूख नावाचं जहाज कलकत्त्याहून आपली माणसं घेऊन सुरिनामला लागलं, करारावरचे मजूर. मळ्याला हात हवेच होते. त्यांचे वंशज आजही तिथे हिंदुस्तानी म्हणवतात, चान संतोखी तर २०२० ते २०२५ प्रेसिडेंट होते. त्यांची आडनावं डच नाहीत पण स्पेलिंग डच कारकुनाच्या कानाने केलेलं, तो वेगळ्या अंकाचा विषय.

मी मूळची वेंगुर्ल्याची, लग्नानंतर इंदिरानगरला. माहेरी डच वखार म्हणून पडकी इमारत आहे, लहानपणी तिथे जायला बंदी होती कारण भुतं. डच एवढे जवळ असून आमच्याकडे कुणाचं डच आडनाव कसं नाही?
— एक वाचक, इंदिरानगर

भुतांचं आडनाव तेवढं विचारून ठेवायला हवं होतं तुम्ही! वेंगुर्ल्याची वखार १६३७ ची, पण ती वखारच, राज्य नव्हे. कंपनीचे कारकून यायचे, माल भरायचे, बदली झाली की बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला जायचे. डिसोझा-फर्नांडिस राहिले कारण पोर्तुगीजांनी धर्म दिला, बाप्तिस्मा देताना नाव दिलं. डचांना त्यात फारसा रस नव्हता, त्यांचा जीव मिरीत.

जिथे त्यांनी खरं राज्य केलं तिथे मात्र नावं राहिली. श्रीलंकेचा किनारा १६५८ ते १७९६ त्यांच्याकडे होता, शिपाई-कारकुनांनी तिथल्या बायकांशी लग्नं केली, त्या लोकांना बर्गर म्हणतात (खायचा नव्हे). श्रीलंकेचा उंचच्या उंच ओपनर मायकल व्हँडॉर्ट आठवतो? व्हॅन डॉर्ट म्हणजे डॉर्ड्रेख्तचा, तेच वर व्हॅन डर मर्व्हच्या नदीकाठचं शहर. १९५६ ला तिथे फक्त सिंहली हा कायदा आला, इंग्रजी बोलणाऱ्या बर्गरांना नोकऱ्यांची पंचाईत झाली आणि बरेचसे ऑस्ट्रेलियाला गेले, मेलबर्नला खूप. त्यामुळे मेलबर्नमध्ये एखादा गव्हाळ रंगाचा व्हॅन डॉर्ट भेटला तर ‘तू हॉलंडचा का’ विचारण्याआधी त्याला कोलंबोबद्दल विचारा, लगेच खुलेल.

एक्स्पोर्टच्या ऑफिसात फाइलिंग माझ्याकडे आहे. डी व्हरीस, व्हॅन डाइक, व्हॅन डेन बर्ग या पार्ट्या कुठल्या अक्षराखाली लावायच्या? साहेब म्हणतात व्ही, मॅडम म्हणतात डी, रोज वाद.
— नाव नको, अंबड

पार्टी कुठली ते बघा. नेदरलँड्सची असेल तर डी, व्हॅन, व्हॅन डेन हे सगळं सोडून मुख्य शब्दावर जा, तिकडचे तसंच लावतात, त्यांच्या फॉर्मवर या तुकड्यासाठी वेगळा रकानाच असतो. म्हणजे डी व्हरीस व्हीखाली, व्हॅन डाइक डीखाली, व्हॅन डेन बर्ग बीखाली. बेल्जियमची पार्टी असेल तर उलट, तिथे व्हॅनसकट व्हीखाली आणि डी व्हरीस डीखाली. अमेरिकेतला डीव्हरीस एकच शब्द, डीखाली. म्हणजे दोघंही बरोबर आहेत, साहेबांना आणि मॅडमना एकत्र बसवून वाचून दाखवा. पत्र लिहिताना अजून एक, पहिलं नाव आधी असेल तर ‘डी’ लहान लिपीत, नुसतं मिस्टर डी व्हरीस लिहायचं असेल तर कॅपिटल. हे पाळलं की डच माणूस खूश होतो. आणि कॉम्प्युटरला शोधताना सापडेना तर ‘व्हरीस’ एवढंच टाका.